एकदाच पडलेली माती

उत्तर आयडाहोच्या डोंगरांत, सीडर आणि हेमलॉकच्या गर्द सावलीत, उताराच्या उत्तर अंगाला फावडं टेकवावं. वर तीन-चार बोटं जाडीचा पालापाचोळा असतो: कुजत चाललेल्या सुया, काटक्या, बुरशीचे पांढरे धागे. तो बाजूला सारला की फावडं जवळजवळ आपल्याच वजनानं आत जातं. खाली पिवळसर तपकिरी, पिठासारखी मऊ माती लागते. तिच्यात खडा शोधूनच काढावा लागतो. फूट-सव्वा फूट हे असंच चालतं, आणि मग पातं एकदम दगडावर खणकन वाजतं. तिथून खाली करडा, दगडगोट्यांनी भरलेला, घट्ट थर. आता कुदळ हवी. या दोन थरांमधली रेघ कित्येकदा इतकी स्पष्ट असते की बोट ठेवून दाखवता येते.

वरची माती या डोंगराची नाही. खालचा खडक झिजून ती झालेली नाही, नदीनं किंवा हिमनदीनंही ती आणलेली नाही. ६०० ते ८०० किलोमीटरांवरून ती हवेतून आली. एरवी खडकाची माती व्हायला हजारो वर्षं लागतात. इथे मात्र खोटं वाटावं इतक्या थोड्या काळात आकाशातून चादर अंथरली गेली, आणि त्या चादरीवर आज अमेरिकेच्या वायव्य अंतर्भागातलं सगळ्यात संपन्न सूचिपर्णी जंगल उभं आहे. ही चादर पुन्हा विणली जाणार नाही. तिच्याविषयी जे काही सांगायचं ते याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी दक्षिण ओरेगॉनमधल्या कॅस्केड पर्वतरांगेत मझामा नावाचा ज्वालामुखी फुटला. जवळपास ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. पोटातलं सगळं निघून गेल्यावर डोंगराचा माथा आत कोसळला आणि आठ-दहा किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. त्यात साचलेलं पाणी म्हणजे आजचं क्रेटर लेक, सुमारे ५९० मीटर खोल, अमेरिकेतला सर्वांत खोल तलाव. हे घडलं तेव्हा त्या प्रदेशात माणसं होती. ओरेगॉनमधल्याच फोर्ट रॉक गुहेत १९३८ साली सेजब्रश या झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला मिळाल्या त्या मझामाच्या राखेच्या थराखाली. तिथल्या मूळनिवासी क्लॅमथ लोकांच्या तोंडी परंपरेत लाओ आणि स्केल या देवतांच्या युद्धाची कथा आहे आणि तिचा शेवट डोंगर कोसळण्यात होतो. राख वाऱ्याबरोबर मुख्यतः ईशान्येला गेली. आज ती अमेरिकेच्या आठ राज्यांत आणि कॅनडाच्या तीन प्रांतांत ओळखता येते; ग्रीनलंडच्या बर्फाच्या गाभ्यातही तिचे कण सापडले आहेत. या डोंगरांवर त्याआधी सुमारे १३,५०० वर्षांपूर्वी ग्लेशियर पीक आणि नंतर सेंट हेलेन्स या ज्वालामुखींची राखही अधूनमधून पडली. पण उत्तर आयडाहो, ईशान्य वॉशिंग्टन, पश्चिम मोंटाना आणि ओरेगॉनचे ब्लू माउंटन्स इथल्या जंगलमातीतला मोठा वाटा मझामाचाच.

राख हा शब्द इथे फसवतो. चुलीतली राख म्हणजे जळून उरलेलं काहीतरी. इथे काही जळलेलंच नाही. वायूनं फुगलेला शिलारस फेसासारखा उसळला, हवेत क्षणात गोठला आणि त्या फेसाच्या बुडबुड्यांच्या भिंती फुटून त्यांचे तुकडे झाले. म्हणजे ही काच आहे, बारीक दळलेली. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण वाकड्या कपच्यांसारखे दिसतात, काहींत बुडबुड्यांच्या लांबट पोकळ्या तशाच असतात. ध्रुवीकरणाच्या दोन काचा एकमेकींना काटकोनात ठेवल्या की क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार उजळतात, पण ज्वालामुखीची काच काळीच राहते, कारण तिच्यात स्फटिकाची रचना नसते. मातीत किती टक्के राख आहे हे याच पद्धतीनं कण मोजून ठरवतात.

रचना नाही म्हणूनच ही काच लवकर विरघळते. पाण्यात सिलिका आणि ॲल्युमिनियम सुटतं आणि त्यांतून नेहमीच्या चिकणमातीऐवजी वेगळेच पदार्थ जुळतात. ॲलोफेन हा त्यांतला प्रमुख. त्याचे कण म्हणजे ३.५ ते ५ नॅनोमीटर व्यासाचे पोकळ गोळे, भिंतीला भोकं असलेले. दुसरा इमोगोलाइट, तो बारीक नळ्यांच्या रूपात असतो. सोबत लोहाचा फेरिहायड्राइट. हे सारे इतके सूक्ष्म आणि पोकळ की एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. पाणी धरणं, स्फुरद पकडून ठेवणं, सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून कुजू न देणं हे राखेच्या मातीचे सगळे स्वभाव या पृष्ठभागातून येतात. मात्र अंतर्भागातल्या या डोंगरांवर हवा कॅस्केडच्या पश्चिम उतारांपेक्षा कोरडी आहे, त्यामुळे ७,७०० वर्षांनंतरही पुष्कळशी काच तशीच शिल्लक आहे. अशा मातीला काचप्रधान म्हणतात. ती जपानच्या राखेच्या मातीसारखी काळी किंवा दाबल्यावर साबणासारखी बुळबुळीत होणारी नसते.

राख पडली ती सगळीकडे जवळपास सारखी. आज मात्र ती सारखी नाही, आणि त्या विषमतेत या भूभागाचा इतिहास वाचता येतो. उत्तर आणि पूर्व उतारांवर, दाट जंगलाखाली ३० ते ६० सेंटिमीटरांचा थर मिळतो. त्याच डोंगराच्या दक्षिण अंगाला, जिथे पाँडेरोसा पाइन विरळ आणि गवत जास्त, तिथे पाच-सात सेंटिमीटर, तेही खालच्या मातीत मिसळलेले; किंवा काहीच नाही. दक्षिण उतार लवकर वाळतात, तिथे आग वारंवार लागते, बर्फ लवकर वितळतं, जमीन उघडी पडते. हलकी राख मग पावसानं आणि वाऱ्यानं निघून जाते. उत्तरेकडे पालापाचोळ्याचं पांघरूण आणि मुळांची जाळी कायम राहिली म्हणून राखही राहिली. राखेनं ओल धरली म्हणून जंगल दाट झालं, आणि जंगल दाट राहिलं म्हणून राख टिकली. कोण आधी, हा प्रश्न इथे सोडवता येत नाही, आणि तो सोडवण्याची गरजही नाही. व्यवहारात एवढं कळलं तरी पुरे की या दोघांतलं एक काढलं तर दुसरं फार काळ थांबत नाही.

वरून गेलेली राख खाली कुठेतरी जमतेच. उताराच्या पायथ्याशी, ओघळींच्या तोंडाशी ती मीटरभर आणि त्याहूनही जाड सापडते. शिवाय मोठं झाड मुळासकट उन्मळतं तेव्हा मुळांबरोबर खालचे दगड आणि करडी माती वर येतात. मागे खड्डा आणि शेजारी उंचवटा राहतो. शेकडो वर्षांनंतर झाड नाहीसं होतं, पण तो उंचवटा राहतो, आणि तिथे खणलं तर राखेचा थर उलटापालटा दिसतो. म्हणून एका खड्ड्यावरून कुठल्याही उताराविषयी बोलू नये. खांद्यावर, मध्यावर आणि पायथ्याशी, प्रत्येक जागी किमान दोन-तीन खड्डे घ्यावेत. उंचवटे आणि पडलेल्या झाडांच्या जागा टाळाव्यात. खड्ड्याचं तोंड वरच्या बाजूच्या भिंतीवर तपासावं आणि जाडी उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात मोजावी. उभी मोजली तर ती फुगते: ६० टक्के उतारावर उभी मोजलेली ५० सेंटिमीटर जाडी प्रत्यक्षात ४३ असते. साधी भूमिती आहे, पण ही चूक नोंदींत सर्रास शिरते.

राख ओळखायच्या खुणा बऱ्याचशा हातानंच कळतात. कोरडी माती चिमटीत पिठासारखी, ओली केली तरी बोटांना फारशी न चिकटणारी. ढेकूळ हातात घेतलं की अपेक्षेपेक्षा हलकं लागतं, आणि हा हलकेपणा एकदा हाताला कळला की विसरत नाही. खडे कमी. रंग तपकिरीत पिवळी किंवा किंचित तांबूस झाक असलेला. शंका असेल तर सोडियम फ्लोराइडची चाचणी: एक लिटर पाण्यात ४२ ग्रॅम सोडियम फ्लोराइड, म्हणजे जवळपास विरघळेल तेवढंच. फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकानं भिजवून वाळवलेल्या कागदावर चिमूटभर माती ठेवून त्यावर या द्रावणाचे थेंब सोडायचे. ॲलोफेन किंवा सेंद्रिय पदार्थाशी बांधलेलं क्रियाशील ॲल्युमिनियम असेल तर फ्लोराइड ते पकडतो, हायड्रॉक्सिल सुटतात आणि कागद लाल होतो. सामूमापक (पीएच मोजणारं यंत्र) असेल तर १ ग्रॅम माती ५० मिलिलिटर द्रावणात दोन मिनिटं ढवळून वाचन घ्यावं, ९.५ च्या वर गेलं तर उत्तर होकारार्थी. द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीतच ठेवायचं, कारण ते काच खातं, आणि ते विषारी असल्यामुळे हातमोजे हवेतच. मातीत चुना असेल तर ही चाचणी खोटं बोलते, म्हणून आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकून फेस येतो का ते पाहावं. उलट, जिथे काच अजून फारशी विरघळलेलीच नाही तिथे राख भरपूर असूनही लाली फिकी येते. अशा वेळी चाचणीवर विसंबून राख नाही असं लिहून मोकळं होणं हा त्या मातीवर अन्याय. तिथे काचेचे कण मोजायलाच हवेत.

अमेरिकेच्या माती वर्गीकरणात या मातीला स्वतंत्र गट मिळाला तो १९९० च्या सुमारास: अँडिसॉल. नाव जपानी ‘आन्दो’वरून, म्हणजे काळी माती. या गटात बसायला राखेचे गुणधर्म असलेला थर वरच्या ६० सेंटिमीटरांपैकी किमान ३६ सेंटिमीटर असावा लागतो. ३६ पेक्षा कमी पण किमान १८ सेंटिमीटर असेल तर माती दुसऱ्या गटात जाते आणि नावामागे फक्त राखेचं विशेषण उरतं. गुणधर्मही आकड्यांत बांधलेले आहेत. पुरेशा झिजलेल्या राखेसाठी स्थूल घनता (पोकळ्यांसकट मोजलेली) घन सेंटिमीटरला ०.९० ग्रॅम किंवा कमी, स्फुरद धरून ठेवण्याची क्षमता ८५ टक्के किंवा जास्त, आणि ऑक्झलेटच्या द्रावणात विरघळणारं ॲल्युमिनियम अधिक निम्मं लोह मिळून २ टक्के. काचप्रधान मातीसाठी अटी सैल आहेत: स्फुरद २५ टक्क्यांपासून चालतो, पण काच मोजून दाखवावी लागते. आयडाहोची राज्यमाती मानली जाणारी थ्रीबेअर अशीच आहे. वर राख, खाली वाऱ्यानं आणलेली गाळमाती, आणि त्याखाली मुळांना न जुमानणारा घट्ट थर.

३६ आणि १८ हे आकडे कागदी वाटतात, पण उतारावर त्यांना अर्थ आहे. ४० सेंटिमीटर राख असलेल्या जागी बुलडोझरच्या पात्यानं पाच सेंटिमीटर ढकलले तर त्या जमिनीचं वर्गीकरणच बदलतं. आणि पाच सेंटिमीटर हा पात्याचा अगदी लहानसा घाव आहे.

आता पाणी. या प्रदेशात पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात आणि वसंतात. जुलै ते सप्टेंबर जवळपास कोरडे. झाडं वाढतात नेमकी त्याच काळात. म्हणजे वसंतातलं बर्फाचं पाणी जमीन किती साठवते यावर सगळा उन्हाळा अवलंबून. राखेच्या थरात आकारमानाचा सुमारे ७० टक्के भाग पोकळी असते, आणि कणांच्या आतही पोकळ्या असतात. हिशेबापुरतं धरू की राखेत दर सेंटिमीटर खोलीला अडीच मिलिमीटर पाणी झाडाला उपलब्ध असतं आणि खालच्या दगडाळ थरात ०.८ मिलिमीटर. ४५ सेंटिमीटर राख म्हणजे ११२ मिलिमीटर. तेवढाच दगडाळ थर म्हणजे ३६. दोन-तीन आठवडे उन्हाळा पुढे रेटणारा हा फरक आहे. वेस्टर्न रेडसीडर आणि वेस्टर्न हेमलॉक ही खरं तर समुद्राकाठची झाडं. किनाऱ्यापासून इतक्या आत ती टिकली ती पॅसिफिकवरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यांमुळे, आणि त्या वाऱ्यांनी आणलेलं पाणी सांभाळून ठेवणाऱ्या या थरामुळे. बारीक मुळंही बहुतेक याच थरात असतात. दगडाळ थरात शिरतात ती झाडाला उभं धरणारी जाड मुळं.

उभ्या उतारावर आणखी एक गोष्ट घडते. राखेतून पाणी झरझर खाली मुरतं आणि घट्ट थराला येऊन अडतं. खाली जाता येत नाही, म्हणून ते त्या रेघेवरून उताराच्या दिशेनं आडवं सरकू लागतं. बर्फ वितळताना खणलेल्या खड्ड्यात पाणी वरून येत नाही, ते नेमकं या दोन थरांच्या सांध्यातून पाझरतं. जंगलरस्ता कापणाऱ्यानं ही गोष्ट डोक्यात कोरून ठेवायला हवी. डोंगराचा काप घेताच तो सांधा उघडा पडतो, आडवं वाहणारं पाणी रस्त्याच्या चरात उतरतं आणि एका मोरीखाली एकवटतं. मोरी लहान असेल, काटक्यांनी तुंबली असेल, किंवा तिचं तोंड भरावाच्या मातीवर मोकळं सोडलं असेल, तर खालचा भराव भिजून फुगतो आणि एका रात्रीत जातो. १९९५-९६ च्या हिवाळ्यात आयडाहोच्या क्लिअरवॉटर राष्ट्रीय वनात साचलेल्या बर्फावर उबदार पाऊस पडला तेव्हा ९०० हून अधिक दरडी कोसळल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांशी निगडित होत्या. उतार तोच, पाऊस तोच. जिथे पाण्याची वाट तोडली गेली तिथे डोंगर जास्त सुटला.

पण राखेच्या मातीचं सर्वाधिक नुकसान दरडीसारखं डोळ्यांत भरणारं नसतं. ते चाकाखाली होतं, आवाज न करता.

माती हलकी, पोकळ्या मोठ्या, कणांमधली पकड कमी. लाकूड ओढणाऱ्या स्किडरची पहिली फेरीच बराचसा दाब देऊन जाते. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत होणारं दबणं नंतरच्या वीस फेऱ्यांपेक्षा जास्त असतं. म्हणून यंत्रं सगळीकडे थोडी थोडी फिरवून भार वाटून देऊ, हा विचार इथे उलटा पडतो. सगळीकडे पहिली फेरी म्हणजे सगळीकडे नुकसान. आधी ठरवलेल्या मोजक्या वाटांवरच सगळी यंत्रं चालवावीत, तोडलेल्या फांद्यांचा जाड गालिचा त्या वाटांवर आधी पसरावा आणि झाडं त्या वाटांच्या दिशेनं पाडावीत. वाफसा येईपर्यंत थांबणं हा नियम शेतातल्यासारखाच, फक्त इथे वाफसा उशिरा येतो: वरची राख कोरडी होऊन धूळ उडू लागते तेव्हाही वीतभर खाली ती ओलीच असते. मूठभर माती खोलवरून काढून दाबावी; बोटांचे ठसे ठळक उठले आणि ढेकूळ धक्क्यानं फुटलं नाही, तर यंत्र उभंच ठेवावं. त्याहून चांगला पर्याय म्हणजे गोठलेल्या जमिनीवर किंवा जाड, दबलेल्या बर्फावर हिवाळ्यात काम करणं. साधारण ३५ टक्क्यांपेक्षा उभ्या उतारावर चाकांची यंत्रं नेऊच नयेत. तिथे तारेवरून लाकूड उचलण्याची पद्धत वापरतात. त्यातही ओंडक्याचं एक टोक तरी जमिनीवरून पूर्ण उचललेलं असलं पाहिजे. फरफटत आलेला ओंडका राखेत सरळ उताराच्या दिशेनं घळ पाडतो आणि पुढच्या पावसाला ती आयती मिळते.

दबणं मोजायची रीत साधी आहे, आणि ती बिघडवणंही तितकंच सोपं. ५ सेंटिमीटर व्यासाचं, ६ सेंटिमीटर उंचीचं नळकांडं घेतलं तर त्याचं आकारमान ११८ घन सेंटिमीटर. पालापाचोळा काढून ते मातीत उतरवायचं, भोवतीची माती खणून नळकांडं अखंड काढायचं, दोन्ही टोकं सुरीनं सपाट करायची, माती १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची, तोलायची. अस्पर्श जागेत ७७ ग्रॅम भरले तर घनता ०.६५, वाटेवर ९६ ग्रॅम भरले तर ०.८१. वाढ २५ टक्के. चूक होते ती नळकांडं हातोड्यानं ठोकताना: राख इतकी पोकळ की ठोकण्यानंच नळकांड्यातली माती खाली बसते आणि अस्पर्श जागाही दबलेली दिसू लागते. आतल्या मातीची पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा खाली गेली असेल तर तो नमुना फेकून द्यावा. ओली माती, धारदार कडा, सावकाश दाब. आणि मध्ये झाडाचं मूळ आलं तर ते कात्रीनं कापणं.

वायव्येतल्या वनखात्याच्या नियमांत घनतेतली वाढ किती झाली की तिला हानी म्हणायचं हे ठरलेलं आहे: साधारणपणे १५ टक्के, आणि पॅसिफिक वायव्य विभागात राख आणि प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड) यांच्या मातीसाठी २० टक्के. उंबरठा हवा हे मान्य. पण राखेला जास्त सवलत मिळते हे मनाला पटत नाही. ०.६५ वरून ०.७८ वर गेलेली माती कुठल्याही शेतजमिनीपेक्षा हलकीच असते. कागदावर ती निरोगी दिसते. बदललेला असतो तो पोकळ्यांचा आकार: हवा आणि वेगानं मुरणारं पाणी ज्या मोठ्या पोकळ्यांतून जातं त्या आधी बंद होतात. बर्फवितळीचं पाणी मग मुरण्याऐवजी वाटेवरून वाहू लागतं. म्हणून पुस्तकातल्या सरासरीशी तुलना न करता त्याच उतारावरच्या, त्याच उंचीवरच्या, यंत्र न फिरलेल्या जागेशी करावी. थंडीत जमीन गोठून-वितळून ही माती आपोआप मोकळी होईल अशी आशा बरेच जण बाळगतात. पण बर्फाच्या जाड पांघरुणाखाली जमीन फारशी गोठतच नाही, आणि दबलेल्या वाटा कित्येक दशकांनंतरही नळकांड्यात पकडल्या जातात. दात असलेल्या नांगरानं वाट उकरून मोकळी करता येते, पण दात राखेच्या थराखाली गेले तर खालचे दगड आणि नापीक माती वर येऊन राखेत मिसळतात. दातांची खोली राखेच्या जाडीनं ठरवावी, यंत्राच्या ताकदीनं नव्हे.

दबलेली माती निदान जागेवर तरी असते. ढकललेली नसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोडीनंतर उरलेल्या फांद्या बुलडोझरनं रेटून लांब ढिगाऱ्यांत लावण्याची पद्धत होती; फांद्यांबरोबर राखही रेटली गेली. अशा जागी पुढे उभं राहिलेलं जंगल स्वतःच सगळं सांगतं: ढिगाऱ्यांच्या ओळींवरची झाडं उंच आणि भरदार, मधल्या पट्ट्यांतली खुरटलेली, पिवळट. वय एकच, बी एकाच डोंगराचं.

आगीचं गणित निराळं. पालापाचोळा जळताना निघालेल्या मेणासारख्या वाफा खाली थंड मातीत जाऊन कणांवर बसतात आणि पाणी न शोषणारा थर तयार होतो, बहुधा वरच्या काही सेंटिमीटरांत. तो शोधायला पाण्याचा एक थेंब पुरतो: पृष्ठभागावर, मग एक सेंटिमीटर खाली, मग दोन, तीन. थेंब पाच सेकंदांहून जास्त टिकला तर माती पाणी नाकारते आहे. नुसत्या पृष्ठभागावर थेंब टाकून निष्कर्ष काढला तर थर निसटतो, कारण तो बहुतेकदा खाली असतो. ज्वालामुखीची कोरडी राख आगीविनाही थोडं पाणी नाकारते, म्हणून न जळलेल्या जागेवरही तीच चाचणी करावी. अशा उतारावर पहिल्या मोठ्या सरीपूर्वी पेंढा किंवा लाकडाच्या पट्ट्या पसरून ६० ते ७० टक्के जमीन झाकली तर धूप पुष्कळ आटोक्यात राहते. ओंडके समपातळीवर आडवे टाकण्याची पद्धत दिसायला भक्कम. पण ओंडक्याखाली फट राहिली तर पाणी तिथूनच जोरानं निसटतं. झाकण्याला तोड नाही.

आणि एक नुकसान असं की ज्यात माती दबत नाही, वाहून जात नाही, जागची हलतही नाही, तरी बदलते. उत्तर-मध्य आयडाहोत ग्रँड फरच्या जंगलांचा एक पट्टा आहे, मधूनमधून मोकळ्या जागा असलेला. तिथे सगळी झाडं एकदम तोडली की ब्रॅकन नेचा आणि वेस्टर्न कोनफ्लॉवर जमीन व्यापतात, आणि रोपं लावूनही जंगल परतत नाही. गोफर हे बिळं करणारे उंदरासारखे प्राणी रोपांची मुळं कुरतडतात, नेच्याचा पाला बर्फाखाली रोपांवर आडवा पडून त्यांना दाबतो, हे सगळं आहेच. पण मातीत खोलवरही काहीतरी घडतं. नेचा जमिनीखाली जाड खोडांचं आणि मुळांचं प्रचंड जाळं विणतो. त्यातून येणारे सेंद्रिय पदार्थ ॲल्युमिनियमला बांधून घेतात, त्यामुळे ॲलोफेन तयार होण्याऐवजी ॲल्युमिनियम आणि ह्यूमसची संयुगं बनतात, सामू उतरतो आणि मुळांना घातक असं मोकळं ॲल्युमिनियम वाढतं. शेजारच्या जंगलाखाली ॲलोफेनची माती, आणि नेच्याखाली काही दशकांत रसायनानं वेगळी झालेली तीच राख. सात हजार वर्षं एका वाटेनं चाललेली माती तीस-चाळीस वर्षांत वळते, हे समजून घेतलं की सरसकट तोडीला तिथे नकार का द्यायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. काही मोठी झाडं सावलीसाठी ठेवावीत, तोडीनंतरच्या पहिल्याच वसंतात मोठी, दणकट रोपं लावावीत; नेच्यानं एकदा मूळ धरलं की वेळ निघून गेलेली असते.

खतांचं थोडक्यात. राख स्फुरद घट्ट धरते, त्यामुळे वरून टाकलेला स्फुरद बहुतांशी मातीच्या ताब्यात जातो. झाडांना तो मिळतो तो मुळांवरच्या बुरशीच्या मदतीनं. नत्र काचेत नसतोच. तो सगळा पालापाचोळ्यातून आणि कुजक्या लाकडातून येतो. म्हणून जमिनीवर पडलेले जुने ओंडके साफ करून नेणं ही स्वच्छता या उतारांना परवडत नाही.

१८ मे १९८० रोजी सेंट हेलेन्स फुटला तेव्हा राख पुन्हा याच दिशेनं आली. आयडाहोच्या जंगलांत काही ठिकाणी ती सेंटिमीटरभर साचली. मझामाच्या तुलनेत ती नगण्यच, पण माती तपासणाऱ्याला तिनं एक उपयोगी खूण दिली. सीडरखालचा पाला सुरीनं हळूच कापला तर सुया आणि तपकिरी मातीच्या दरम्यान मीठ-मिरी मिसळल्यासारखी करडी रेघ दिसते. रेघ अखंड असेल तर १९८० नंतर तिथे ना पातं फिरलं, ना चाक, ना गोफर, ना पाणी वाहिलं. तुटक असेल तर कुठे तुटली आणि उताराच्या कुठल्या बाजूला तिची राख गोळा झाली ते पाहत जावं. जिथे ती सापडतच नाही तिथे पुढचा खड्डा खणायचा, आणि खालच्या पिवळसर थराची जाडी मोजायची.